परसातली पांढरी फुलं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अंबाजोगाई): आजीच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले कंद आईनं आणले, तिच्याकडून माझ्याकडे आले. पात कांद्यासारखी. मोठा पाऊस झाला की चार-पाच दिवसांत पांढरी फुलं येतात. आता अख्खा वाफा व्यापलाय. हे काय आहे?

ही पांढरी रेन लिली, शास्त्रीय नाव झेफिरँथस कँडिडा. तरी खात्री करून घ्या. पात चुरगाळून हुंगा. कांद्याचा वास येणार नाही. एका दांड्यावर एकच फूल, सहा पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. ऊन उतरलं की फूल मिटतं. पात चपटी आणि फूल गुलाबी असेल, तर ती जवळचीच दुसरी जात. आजीच्या परसातली असली तरी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. कोरड्या ताणानंतर पाणी मिळालं की फुलते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तिला वावडं नाही. पसरते ती मुख्यतः बाजूला सुटणाऱ्या पिल्लांमुळे.

प्रश्न (परभणी): आमचंही फूल पांढरंच, पण पाकळ्या बोटांसारख्या लांब नि बारीक, मधे पातळ पडद्याची वाटी. पानं पट्ट्यासारखी रुंद.

मग ती स्पायडर लिली. ती वाटी हीच तिची मोठी खूण.

प्रश्न (लातूर): रेन लिलीची गर्दी झालीय, फुलं कमी येतात. काळी जमीन आहे.

मे महिन्यात, पावसाआधी, झुपका खुरप्यानं उकरा आणि पिल्लं सुटी करा. चार-चार बोटांवर, कंद जेमतेम झाकेल इतकंच खोल लावा. काळी माती ओल धरून ठेवते; पाणी साचून राहिलं तर कंद सडू शकतात. वाफा वीतभर उंच करून मातीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि शेणखत मिसळा. युरियाच्या नादी लागू नका, नुसती पातच माजेल.

प्रश्न (नांदेड): सासूबाई कान दुखला की सुदर्शनाच्या पानाचा रस घालतात. आमच्याकडे सुदर्शन नाही. या लिलीची पात चालेल का?

अजिबात नाही. कानात कसलाच रस घालू नका, सुदर्शनाचाही नाही, डॉक्टरांना दाखवा. रेन लिलीत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि कंद पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. उकरलेले कंद स्वयंपाकघरातल्या कांद्यांजवळ ठेवू नका, आणि शेळी दारात असेल तर वाफ्याला कुंपण घाला.