पडणं आणि पाडणं

प्रिय,

तुझं इंग्रजी पत्र वाचलं. मजकूर छान आहे, पण एका वाक्यापाशी मी हसू आवरू शकलो नाही. 'आय लेड ऑन द बेड फॉर टू अवर्स.' वाचणारा विचारेल, दोन तास काय ठेवत होतास? कोंबडी अंडं घालते त्यालाही इंग्रजीत 'ले'च म्हणतात, त्यामुळे मनात येऊ नये ते चित्र येतं. तिथे 'आय ले ऑन द बेड' हवं होतं.

संकोच वाटू देऊ नकोस. मी स्वतः कित्येक वर्षं 'द फाइल इज लेइंग ऑन द टेबल' असं बिनदिक्कत लिहीत होतो. हवं होतं 'लाइंग'.

घोळ असा आहे. 'लाय' म्हणजे पडून राहणं : लाय, ले, लेन. 'ले' म्हणजे ठेवणं : ले, लेड, लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. भरीस भर म्हणून खोटं बोलणारा 'लाय' आहेच. तो बिचारा सरळ, 'लाइड' होऊन मोकळा होतो.

हे तक्ते पाठ करून माझ्या डोक्यात कधी टिकले नाहीत. टिकलं ते मराठीमुळे. आपण पडणं-पाडणं, बसणं-बसवणं, उठणं-उठवणं यांत कधी चुकतो का? पहिली क्रिया आपली आपण होते, दुसरी कोणीतरी कशावर तरी करतो. इंग्रजीतल्या 'लाय-ले', 'सिट-सेट', 'राइझ-रेझ' या जोड्या मुळात तशाच आहेत. सूर्य 'राइझ' होतो, हात आपण 'रेझ' करतो. क्रियापद लिहिण्याआधी 'काय?' असं विचार. उत्तर मिळालं तर दुसरं घे. 'फॉल' बघ : झाड आपोआप पडलं तर 'द ट्री फेल', कुऱ्हाडीने पाडलं तर 'दे फेल्ड द ट्री'. इथेही पडण्याचा भूतकाळ तेच पाडण्याचं मूळ रूप, अगदी 'ले'सारखंच.

तुझी दुसरी चूक, 'आय डिडन्ट वेंट', ही मात्र मराठीनेच करायला लावली आहे. आपण 'मी गेलो नाही' म्हणतो. नकारातही 'गेलो' तसंच राहतं. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो, म्हणून मागे साधं 'गो' उरतं. 'हॅव'ला तिसरं रूप लागतं : 'हॅव गॉन', 'हॅव ड्रंक', 'हॅव बिगन'. 'ड्रँक' आणि 'बिगॅन' एकटे असतानाच शोभतात.

'गो'चं 'वेंट' कसं होतं, असं तू वैतागून विचारलं आहेस. ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच जुन्या क्रियापदाकडून उसनं आणलेलं आहे. पण 'जाणे'चं 'गेला' कसं होतं, हे आपण कुणाला विचारतो? तेही दोन वेगळ्या संस्कृत धातूंतून आलं आहे, 'या' आणि 'गम्'.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. संस्था स्थापन झाली तर 'फाउंडेड', सापडली तर 'फाउंड'. आणि भिंतीवर चित्र लावलं तर 'हंग'. 'हँग्ड' फक्त माणसाला फाशी दिली तर. तू आजोबांच्या फोटोबद्दल जे वाक्य लिहिलं आहेस, ते घरी कुणाला दाखवण्याआधी तेवढं दुरुस्त कर.

तुझा,
काका