ऑपरेशनआधीच्या तपासण्या: ताई, एवढं लक्षात ठेवा

ताई, वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची यादी बघून घाबरू नका. माझी स्लीव्हची (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ती) शस्त्रक्रिया झाली तेव्हा मीही हडपसरहून डेक्कनपर्यंत फाइल छातीशी धरून जात होते.

रक्त उपाशीपोटी द्यायचं, साधारण १० ते १२ तास. पाणी चालतं, चहा नाही. मी पहाटे अर्धा कप चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत बस पकडली! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशी असताना सकाळचा डोस घ्यायचा का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. मनाने ठरवू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, थायरॉईडचा आकडा त्याने चुकू शकतो.

झोपेच्या तपासणीला (रात्रभर झोपेतला श्वास नोंदवतात ती) मात्र नीट तयारीने जा. डोक्याला तेल नको, वायरी चिकटत नाहीत. माझ्या आईने आदल्या रात्री प्रेमाने चंपी करून दिली होती, आणि तिथल्या मुलीला माझी टाळू तीनदा पुसावी लागली. नखांवर पॉलिशही नको, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. दुपारी झोपू नका.

एंडोस्कोपीला (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघतात ती) आम्लपित्ताच्या गोळ्यांबद्दल आधी विचारा. त्या चालू असल्या तर जठरातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. सोबत कुणीतरी हवंच, भूल दिली तर रिक्षानेही एकट्या येऊ नका.

आणि मानसोपचारतज्ज्ञांपुढे रात्रीचं खाणं लपवू नका. तिथे कुणी नापास करायला बसलेलं नसतं.