आधी भाजीचा साबण सुटला, मग मास्कचं बोलणं झालं

कोरोनाची साथ सुरू असताना एकाच घरात कुणी मास्कशिवाय हिंडायचं, तर कुणी दाराची कडीसुद्धा सॅनिटायझरने पुसायचं. अशांनी एकत्र राहायचं कसं, हा प्रश्न अनेक घरांतून आमच्याकडे यायचा. एप्रिल २०२१ मधलं, बेळगावच्या वडगावातलं एक घर आठवतं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरचे यंत्रमाग. थोरले भावजी शेड सांभाळायचे. धाकटी सून भाज्या साबणाने धुवायची, नाणी फिनेलमध्ये टाकायची, पेपर बंद केलेला. सत्तरीच्या सासूबाईंना मधुमेह, लसीचा एकच डोस झालेला. भावजी मास्क हनुवटीवर ठेवून घरी आले, की उंबऱ्यातच वाद. ती म्हणायची, "भावजी बेफिकीर आहेत." ते म्हणायचे, "ही घाबरट आहे."

दोघांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं: या साथीत तुमचं काय जाईल असं वाटतं? सुनेचं उत्तर, सासूबाई. भावजींचं उत्तर, माग. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेड बंद राहिलं, त्याचं कर्ज अजून फिटत होतं. धास्ती दोघांनाही होती, फक्त वेगवेगळ्या गोष्टीची.

पहिली माघार सुनेकडून मागितली, आणि ते मुद्दाम. जास्त काळजी घेणाऱ्याच्या दहा नियमांतले पाच निरुपयोगी असले, की समोरचा उरलेले पाचही उडवून लावतो. वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता फार कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेही त्याच महिन्यात सांगितलं होतं. भाजीला साबण लावला तर तो पोटात जातो. साधं पाणी पुरे. साबण, फिनेल, पेपरबंदी, तिन्ही सुटलं.

मग भावजींकडे वळलो. शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, मागाचा खडखडाट एवढा की कारागिराच्या कानाशी ओरडावं लागतं, आणि ऐकू यावं म्हणून नेमका तेव्हाच मास्क खाली येतो. मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त कण उडतात, बंद हवेत ते रेंगाळतात. "मास्क लावा" एवढं सांगून तिथे भागत नाही. ठरलं ते असं: हिशेब आणि सूचना अंगणात, आत इशाऱ्याने काम. घरी सासूबाईंजवळ बसायचं तर सोप्यात, खिडक्या उघड्या, दोघांना मास्क. घसा खवखवला तर त्याच दिवसापासून वेगळी खोली, आणि चाचणी.

दुसऱ्याच आठवड्यात घडी विस्कटली. कोल्हापूरचे पाहुणे येणार होते. "कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळी नाक्यावर दाखवायला बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर आहे की, निगेटिव्ह," भावजी म्हणाले. सुनेने कारागिरांदेखत नकार दिला आणि ते बिथरले. रिपोर्ट फक्त नमुना घेतला त्या दिवसाचं सांगतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. म्हणणं तिचं बरोबर होतं, चुकली ती जागा. असं बोलणं जेवणानंतर, दोघांतच, आणि एका वेळी एकच मागणी घेऊन व्हावं.

यात आमच्याकडूनही एक राहून गेलं होतं: सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "पावणं येऊ देत की. अंगणात बसवा, चहा तिथंच द्या. मी सोप्यातनं बोलते."

पाहुणे तासभर अंगणात बसले. पुढचं बोलणं पंधरा दिवसांनी करायचं ठरलं, दुसऱ्या डोसची तारीख बघून.