ऑगस्टमध्ये नऊ दिवस, नागपूरहून एकटाच : जंगल आणि स्कूबा एकाच प्रवासात जमेल का?

तुम्ही विचारलंय ते असं : तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स झालाय, ऑगस्टमध्ये नऊ दिवस आहेत, अंदमान की श्रीलंका हे ठरत नाहीये. टूरवाल्याने श्रीलंकेचा कार्यक्रम लिहून दिलाय : आधी विल्पट्टूचं जंगल, मग हत्ती, मग डोंगरातलं नुवारा एलिया, शेवटचे दोन दिवस त्रिंकोमालीला डायव्हिंग आणि नवव्या दिवशी सकाळी विमान. हे बरोबर आहे का, आणि खर्च किती येईल?

अंदमान ऑगस्टमध्ये विसरा. नैऋत्य मोसमी वाऱ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटी ऐन वेळी रद्द होतात, पाणी गढूळ. तिकडे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, म्हणजे चिडिया टापूला अंदमानी सुतार, अंदमानी सर्पगरुड असे जगात दुसरीकडे न दिसणारे पक्षीही बघता येतील. तारकर्लीही पावसाळ्यात बंदच असते.

श्रीलंकेचा पूर्व किनारा नेमका उलट. नैऋत्य पाऊस मधल्या डोंगरांवर अडतो, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर त्रिंकोमालीचा समुद्र शांत आणि पाणी २७-२९ अंश. याच महिन्यांत कोरड्या पट्ट्यातल्या तलावांचं पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या तळावर हिरवं गवत उगवतं आणि ते खायला हत्ती शेकड्यांनी जमतात. इकडे ताडोबाचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. नागपूरच्या माणसाला याहून सोयीचा मोसम नाही. तेव्हा देश बरोबर, महिना बरोबर, ठिकाणंही दोन सोडून बरोबर. क्रम मात्र साफ उलटा आहे.

या क्रमावरून नागपुरातल्या टूरवाल्यांशी आणि जंगलवाल्या मित्रांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांचं म्हणणं ठरलेलं : सफारीने माणूस दमतो, मग शेवटी समुद्रावर आराम. अहो, डायव्हिंग म्हणजे आराम नव्हे. पाठीवर चौदा-पंधरा किलोची टाकी, कमरेला शिशाची वजनं, उन्हातली बोट, आणि टाकीतली हवा इतकी कोरडी की घसा सुकतो. आराम हवा असेल तर जीपमध्ये बसून हत्ती बघा. समुद्र आधी, जंगल नंतर.

पहिलं कारण विमान. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो. नायट्रोजन पूर्ण बाहेर पडायच्या आत तिथे जाऊन बसलात, तर शरीरात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे दुखणं, मुंग्या येणं, बधिरपणा, कधी त्याहून वाईट. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची शिफारस अशी : एकच साधी डाइव्ह असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, रोज डाइव्ह किंवा एका दिवसात अनेक असतील तर किमान १८. हा आकडा 'किमान' आहे, म्हणून मी २४ च्या खाली उतरत नाही. आता तुमचा कागद बघा. आठव्या दिवशीची दुसरी डाइव्ह दुपारी दोनला संपली आणि नवव्या दिवशी सकाळी सहाचं विमान असेल, तर झाले १६. "सगळे असंच करतात, काही होत नाही" हे उत्तर मिळेल. ज्यांना होतं ते टूरवाल्याला फोन करत नाहीत, डॉक्टरला करतात.

समुद्र आधी घेतला की हे तास आपोआप हत्तींकडे जातात, एकही दिवस वाया जात नाही. मात्र ते जंगल सखल हवं. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर 'उंची' सुरू होते. ३०० मीटर म्हणजे साधारण आपलं नागपूर. हबरना गाव, मिन्नेरिया आणि कौडुल्ला ही हत्तींची जंगलं, हा सगळा पट्टा त्याच्या खाली आहे. नुवारा एलिया आहे १८६८ मीटरवर. डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने तिथे चढणं म्हणजे विमानातच बसणं, फरक एवढाच की खिडकीतून चहाचे मळे दिसतात. नऊ दिवसांत ते कापून टाका.

दुसरं कारण कान, आणि ते कुणी सांगत नाही. ऑगस्टमध्ये कोरड्या पट्ट्यात पाच-पन्नास जीप एकामागोमाग धावतात, लाल धूळ थेट नाकात. मे महिन्यात ताडोबाला उघड्या जिप्सीत बसलाय त्याला ती धूळ माहीत आहे. दोन दिवस ती खाल्ली की नाकाच्या आतली त्वचा सुजते आणि मध्यकर्ण घशाला जोडणारी नळी अरुंद होते. जमिनीवर काही कळत नाही. पाण्यात दीड-दोन मीटरवरच कळतं. पृष्ठभागावर एक बार दाब, १० मीटरवर दोन, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच कानातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. त्रास वरच होतो, खोलवर नव्हे. कान दुखायची वाट बघून मग नाक दाबून फुंकणारे इथेच फसतात, कारण तोवर नळी दाबाने मिटलेली असते आणि जोर लावला तर पडदा फाटू शकतो. पाण्यात शिरण्याआधी बोटीवरच एकदा कान मोकळे करा. मग दोर धरून, पाय खाली ठेवून, दर अर्ध्या मीटरला पुन्हा. अडलं तर एक मीटर वर या, परत प्रयत्न करा. तरीही नाही झालं तर त्या दिवशीची डाइव्ह संपली, पैसे गेले तरी.

नाकात थेंब टाकून उतरायचा सल्ला बोटीवर हमखास मिळेल. ऐकू नका. थेंबांचा असर खाली असताना उतरला तर कानात फुगलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि खाली जाणं रद्द करता येतं तसं वर येणं रद्द करता येत नाही.

तिसरं कारण साधं : वारा. समुद्राचा एखादा दिवस वाऱ्याने खाल्ला तर सुरुवातीला असताना तो पुढे सरकवता येतो. शेवटी असेल तर गेला.

मग नऊ दिवस असे लावा. नागपूर ते चेन्नई ते काटुनायके विमानतळ, रात्री जवळच नेगोंबोला, कोलंबोत शिरूच नका. दुसऱ्या दिवशी रस्त्याने त्रिंकोमालीजवळचं निलावेली. तिसरा आणि चौथा दिवस सकाळच्या दोन-दोन डाइव्ह, दुपारी वारा वाढतो. पाचव्या दिवशी एकच. तारकर्लीला जाऊन वर्ष झालं असेल तर पहिली डाइव्ह उथळ पाण्यात रिफ्रेशर म्हणजे उजळणी म्हणून मागा. निलावेलीसमोरचं पिजन आयलंड बेट फक्त स्नॉर्केलिंगने (टाकीशिवाय, नळीने श्वास घेत) करा, काळ्या टोकांचे रीफ शार्क उथळ पाण्यातच फिरतात; शनिवार-रविवार टाळा. सहाव्या दिवशी हबरना, शंभरेक किलोमीटर. सहावी आणि सातवी दुपार हत्ती. आठव्या दिवशी सकाळी सिगिरिया, संध्याकाळपर्यंत नेगोंबो. सिगिरिया सहाव्या दिवशी नको, डाइव्हनंतर लगेच एवढ्या पायऱ्यांची दमछाक बरी नाही.

हत्तींसाठी मिन्नेरियाच हवं असा हट्ट धरू नका. वरच्या मोरागहकंद धरणाचं पाणी आल्यावर मिन्नेरिया भरलेला राहतो, मग गवत उघडं पडत नाही आणि कळप कौडुल्ला किंवा हुरुलूकडे वळतात. तिन्ही हबरनाच्या आसपास आहेत. त्या दिवशी दुपारी बाराला जीपवाल्याला विचारा, काल संध्याकाळी कळप कुठे होता. सकाळची सफारी घेऊ नका, हत्ती उघड्यावर येतात ते तीननंतर. सुळेवाला शोधत बसू नका, श्रीलंकेतल्या बहुतेक नरांना सुळे नसतातच. विल्पट्टूत बिबट्या आहे, पण नागपूरच्या माणसाने बिबट्यासाठी समुद्र ओलांडावा हे मला पटत नाही. हत्तीही २०२१ पासून गडचिरोलीत आलेत म्हणा, पण असा मेळावा नाही.

एकट्या माणसाचा खर्च जीपमध्ये फुटतो. तिथे प्रवेश माणशी असतो, पण जीप आणि गटामागचं सेवाशुल्क पूर्ण गाडीचं, एकटे बसलात तर सगळं तुमच्या डोक्यावर. हबरनाच्या गेस्टहाऊसमालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, दुपारपर्यंत तो चार-पाच जण जमवतो. विल्पट्टूला अशी वाटणी सहसा जमत नाही, तेही ते वगळायचं एक कारण. आकडा मी देत नाही, दर आणि रुपया दोन्ही हलतात.

एकटे असलात तरी पाण्यात एकटे नाही. अनोळखी बडी म्हणजे जोडीदार मिळेल. बोटीवरच त्याला विचारा : आधी किती डाइव्ह, हवा किती लवकर संपते, शिसं सोडायची कळ कुठे. टाकीत २०० बार दाबावर सुरू, १०० ला परत फिरायचं, ५० घेऊन वर, हे ठरवूनच उतरा. डायव्हिंग सेंटरला विचारा, एका गाइडमागे किती जण (चारच्या वर असतील तर दुसरं सेंटर) आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का. मास्क तेवढा स्वतःचा न्या, नवा असेल तर काच आतून टूथपेस्टने दोन-तीनदा घासून, नाहीतर धुकं जमत राहतं. मिशी असेल तर नाकाखाली व्हॅसलीन. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिन सामानात. डासांचं डीईईटी असलेलं मलम हाताला लागलं असेल तर मास्कला हात लावू नका, ते प्लास्टिक खातं. डेंग्यू आहे, पण श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, त्यामुळे त्याच्या गोळ्या नकोत.

राहिलेल्या अटी. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयाचा त्रास, यातलं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरची सही घ्या. सेंटरच्या वैद्यकीय फॉर्मवर एक जरी 'हो' आलं आणि सही नसेल तर बोटीत घेत नाहीत. साधा प्रवासविमा बहुधा डायव्हिंग वगळतो, पॉलिसीत डाइव्हची खोली आणि रिकंप्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) हे शब्द आहेत का बघा. व्हिसाचं ईटीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी) जाण्यापूर्वी ऑनलाइन काढा.

आणि टूरवाल्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून एकाच कागदावर दोन वेळा लिहून घ्या : शेवटची डाइव्ह संपण्याची आणि विमान सुटण्याची. मधले तास त्यालाच मोजायला लावा.