वाचकांचे प्रश्न : जुनं लाकडी बदक हाती लागलंय, पुढे काय?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या डिकॉयबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिकॉय म्हणजे हाताने कोरलेलं, रंगवलेलं लाकडी बदक. शिकारी ते पाण्यावर सोडून ठेवायचे, म्हणजे वरून जाणाऱ्या थव्याला वाटावं की आपलेच भाईबंद खाली निवांत बसलेत, आणि तो खाली उतरावा. आज हीच बदकं लोककला म्हणून म्युझियममधे आहेत. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक) : शेजारच्या आजोबांचं घर रिकामं करताना गॅरेज सेलमधे एक लाकडी बदक घेतलं. रंगाचे पोपडे निघतायत, मानेपाशी भेग आहे. नवरा म्हणतो घासून नवा रंग देऊ, वर वार्निश मारू, मस्त दिसेल. करू का?

नका करू, ताई. मिस्टरांना सांगा पॉलिशपेपर परत खणात ठेवा. जुन्या डिकॉयमधे सगळ्यात मोलाचा असतो तो मूळ रंग, आणि तो एकदा घासला की गेला, मग कितीही चांगला कारागीर आणा नि कितीही पैसे द्या, तो परत येत नाही. पोपडे, भेगा, कुठे छर्रे लागून पडलेली भोकं, हे सगळं त्या बदकाने पाण्यावर काम केल्याची खूण आहे, त्याला दोष म्हणून बघूच नका.

तुमच्या बदकाच्या अंगावर एकाखाली एक दोन-तीन रंगांचे थरही निघतील कदाचित. शिकारी स्वतःच हंगामाच्या आधी रंगाचा हात मारायचे, कारण फिकट पडलेल्या बदकाला खरी बदकं फसत नाहीत. हा वापरातला जुना रंग वेगळा आणि आज हौसेने दिलेला रंग वेगळा, जाणकार माणूस पहिल्याबद्दल फारशी तक्रार करत नाही, दुसऱ्याबद्दल मात्र हळहळतो.

आणि ते न्यू जर्सीत मिळालंय म्हणून मला जास्तच उत्सुकता लागलीय. हातात घ्या, आकाराच्या मानाने हलकं लागतंय का? अंगाच्या मध्यावरून एक बारीक आडवी जोड गेलेली दिसते का? तिथल्या बार्नेगट बे या खाडीच्या बाजूचे लोक व्हाइट सीडर या हलक्या लाकडाचे दोन तुकडे घेऊन आतून पोखरायचे आणि एकावर एक बसवून जोडायचे, कारण तिथली शिकारीची होडी, तिला स्नीकबॉक्स म्हणतात, एवढीशी आणि उथळ, तिच्यात बदकांचा ढीग घालून माणूस एकटा निघणार, तर वजन परवडणारच नाही. आता बदक पालथं करा. त्याच किनाऱ्यावरच्या टकरटन गावचा हॅरी शोअर्ड्स (१८६१-१९२०) बदक पाण्यावर सरळ तरंगावं म्हणून त्याच्या पोटाला आयताकृती खाच पाडून वितळलेलं शिसं सरळ तिच्यात ओतायचा, त्यामुळे शिसं खाली लोंबत नाही, लाकडाच्या पातळीत बसतं, बोट फिरवलं तर गार चौकोन तेवढा लागतो. तसं दिसलं तर लगेच शोअर्ड्स सापडला म्हणून उड्या मात्र मारू नका, त्या किनाऱ्यावर इतरांनीही ही पद्धत वापरलीय. टकरटनला सीपोर्ट म्युझियम आहे आणि सप्टेंबरात डिकॉयचा मोठा मेळा भरतो, तिथे बदक घेऊन जा, जुनी माणसं हातात घेऊन खूप काही सांगतात. मानेची भेग तोवर तशीच राहू दे, त्यात फेव्हिकॉल टाइप काही भरू नका.

प्रश्न (मिशिगनहून) : माझ्याकडे मेसन कंपनीचं बदक आहे. मित्र म्हणतो ते फॅक्टरीचं, म्हणजे लोककला नाहीच. खरं का?

मित्राला अर्धीच गोष्ट माहीत आहे. मेसन फॅक्टरी तुमच्याच डेट्रॉइटची, १८९६ ते १९२४ चालली. अंग लेथवर फिरवून काढायचे हे खरं, पण पुढचं सगळं हाताने, आणि रंगकाम तर बघतच राहावं असं. छातीवर ओला रंग ब्रशने गोल गोल फिरवून पिसांसारखी वळणं काढलेली असतात, ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वेगवेगळ्या दर्जाचा माल निघायचा. प्रीमियर सगळ्यात वरचा, त्याखाली चॅलेंज, आणि अगदी स्वस्तातल्या बदकांना काचेऐवजी साध्या छोट्या खिळ्यांचे किंवा नुसते रंगवलेले डोळे. रंगवणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला कळणार नाहीत, पण हात कळतो. माझ्या मते हे लोककलेतच बसतं, आणि शिकायला सुरुवात करायची तर मेसनइतका चांगला गुरू नाही, कारण दर्जे ठरलेले, नमुने भरपूर, शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते.

प्रश्न : फोटोत मला सगळी बदकं सारखीच दिसतात. कुठलं कुठल्या भागातलं हे लोक कसं ओळखतात?

हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न. रंगाकडे नंतर बघा, आधी स्वतःला विचारा की हे बदक कसल्या पाण्यासाठी केलंय. उत्तर आकारातच असतं.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्याचा किनारा घ्या. उघडा समुद्र, मोठ्या लाटा, म्हणून तिथली बदकं रुंद, सपाट बुडाची, जड. मान नुसती वर चिकटवलेली नसते, अंगात खाच करून आत बसवलेली असते म्हणजे आपटून तुटायला नको. साउथ पोर्टलंडचा गस विल्सन दीपगृहावर नोकरीला होता, त्याचं काम बघा, तपशील कमी पण मान कुठे वळवायची, चोच कुठे टेकवायची याची जाण अशी की लांबूनही पक्षी जिवंत वाटतो. खाली कनेक्टिकटला स्ट्रॅटफर्डला या, तिथे हिवाळ्यात पाण्यावर बर्फाचा चिखल तरंगत असतो, तो साध्या बदकाच्या छातीवर चढून बसतो आणि बदक बुडायला लागतं. म्हणून अल्बर्ट लेंगने एकोणिसाव्या शतकात छाती उंच आणि पुढे काढलेली बदकं कोरली, बर्फ खालून सरकून जातो. मागाहून शँग व्हीलरने तीच परंपरा पुढे नेली. आता ती उंच छाती आपल्याला किती डौलदार वाटते, पण आली ती बर्फामुळे.

इलिनॉय नदीवर पाणी शांत, बदकं जवळ येऊन निरखणार, म्हणून रंगकाम नाजूक हवं. हेन्री गावचा चार्ल्स पर्ड्यू कोरायचा आणि त्याची बायको एडना रंगवायची, रॉबर्ट एलिस्टनकडेही तेच, कोरणं त्याचं, रंगवणं कॅथरिनचं. या बायकांची नावं लोक पटकन घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण ज्या रंगासाठी आपण जीव टाकतो तो त्यांच्या हातचा आहे. लुइझियानात सायप्रस झाडाची मुळं आणि टुपेलोचं हलकं लाकूड मिळायचं, तर तिथे ते वापरलं.

मेरीलँडमधे चेसापीक बे या मोठ्या खाडीच्या वरच्या टोकाला सस्क्वेहाना फ्लॅट्स म्हणजे उथळ पाण्याचा पट्टा आहे, तिथला प्रकार सगळ्यात वेगळा. तिथे सिंकबॉक्स वापरायचे, म्हणजे शवपेटीसारखी एक पेटी, शिकारी तिच्यात आडवा पडणार, पेटीच्या चारी बाजूंना पाण्यावर पसरलेले पंख, आणि अख्खी पेटी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवायची म्हणजे वरून माणूस दिसतच नाही. बुडवायला वजन हवं, म्हणून पंखांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवायचे. भोवती शेकडो लाकडी बदकं सोडायची. एवढी बदकं करायची तर पोखरत बसायला वेळ कुणाला, म्हणून त्या भागातली बदकं भरीव आणि साधी. १९३५ मधे सिंकबॉक्सवर बंदी आली, त्याच वर्षी जिवंत बदकं बांधून आमिष दाखवण्यावरही. आज एखादं लोखंडी बदक विक्रीला आलेलं दिसलं की दाराला अडसर लावायला केलेलं असेल असं लोकांना वाटतं, तर ते तसं नाही.

प्रश्न : एका लाकडी बदकाला दहा लाख डॉलरच्या वर किंमत येते म्हणे. हे खरं का, आणि मग नकली माल किती असेल?

खरं आहे. केप कॉडवरच्या ईस्ट हार्विचचा एल्मर क्रॉवेल (१८६२-१९५२), त्याचे दोन डिकॉय, म्हणजे एक पिसं साफ करणारा पिनटेल, आपलं तलवार बदक, आणि एक झोपलेला कॅनडा गूज, २००७ मधे प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला गेले. क्रॉवेल शिकारीच्या कॅम्पवर काम करायचा, खऱ्या पक्ष्यांमधे त्याचा वावर होता, ते त्याच्या कामात दिसतं. पण ही टोकाची उदाहरणं झाली. हॅवर डी ग्रेसच्या मॅडिसन मिचेलसारख्या विसाव्या शतकातल्या चांगल्या हाताची बदकं काहीशे डॉलरमधेही मिळतात. हा मिचेल गावात अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करायचा आणि जोडीला आयुष्यभर बदकं कोरायचा. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ तर न्हावी होते.

नकलीचं म्हणाल तर झीज बघा. खरं बदक होडीत, पोत्यात एकमेकांवर आपटलेलं असतं, म्हणून ते चोचीच्या टोकाला, शेपटीच्या कडेला, डोक्यावर, कुशीवर झिजतं आणि गळ्याखाली कोपऱ्यात रंग शाबूत राहतो. सगळीकडे एकसारखी झिजवलेली वस्तू दिसली की सावध व्हा. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की मागाहून लावलेला रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. महागातली खरेदी असेल तर एक्स-रे काढतात, त्यात बदललेली मान, नवे खिळे, आत अडकलेले छर्रे सगळं दिसतं. आणि शिक्क्यावर जाऊ नका, शिक्का मारणं सगळ्यात सोपं. कित्येकदा बुडावर कोरलेलं नाव कोरणाऱ्याचं नसून बदकाच्या मालकाचं असतं.

प्रश्न : ताई, राग मानू नका. मी पक्षीनिरीक्षक आहे. पक्ष्यांना फसवून मारायची साधनं आपण कौतुकाने कपाटात ठेवायची हे मनाला पटत नाही.

राग कसला, हा प्रश्न पडायलाच हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारासाठी जी शिकार चालायची ती भयंकर होती, कॅनव्हासबॅक बदकांची पिंपंच्या पिंपं भरून शहरातल्या हॉटेलांना जायची. किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, कर्ल्यू, प्लोव्हर, तेही असेच मारले. एस्किमो कर्ल्यूचे लाकडी डिकॉय आज संग्रहात आहेत पण तो पक्षी १९६३ नंतर नक्की म्हणून कुणालाच दिसलेला नाही. तो डिकॉय हातात घेताना हे आठवल्याशिवाय राहत नाही, आणि आठवलंच पाहिजे.

१९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टने, म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने, बाजारासाठीची शिकार बंद झाली. १९३४ मधे डक स्टँप नावाचं सरकारी तिकीट आलं, शिकाऱ्याने ते घ्यायचंच, आणि त्याच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा वाचवायला जातात. ते तुम्हीआम्हीही २५ डॉलरला घेऊ शकतो. त्याच १९३४ मधे जोएल बार्बर नावाच्या न्यू यॉर्कच्या आर्किटेक्टने डिकॉयवर पहिलं पुस्तक काढलं आणि ही कला आहे असं छापून सांगितलं, त्याचा संग्रह आज व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियममधे आहे.

आणि हे फक्त बंदुकवाल्यांचं नाही. १९२४ मधे नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत टूली नावाच्या लव्हाळ्याचे, रंगवलेले, काहींना खरी पिसं लावलेले ११ डिकॉय सापडले, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे, तिथल्या मूळ रहिवाशांनी केलेले, आणि कॅनव्हासबॅक आहे हे आजही ओळखू येतं. इतकं बारीक बघितलं होतं त्यांनी पक्ष्याकडे. तुम्ही दुर्बीण लावून जे बघता तेच हे लोक बघत होते, कारण वेगळं होतं. पोटासाठी बघणाऱ्याचं बघणं मी कमी धरणार नाही. तरीही नाही ठेवावंसं वाटलं घरात तर नका ठेवू, म्युझियममधे जाऊन बघा.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत, बदक कुठे ठेवू?

उंच फडताळात, मुलांचा हात पोचणार नाही तिथे, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि बुडाला तर शिशाचा गोळाच. हाताळून झालं की हात साबणाने धुवा. खिडकीच्या उन्हात नको, रंग उडतो, हीटरच्या वर नको, लाकूड तडकतं. ओल्या फडक्याने पुसू नका, तेल तर मुळीच लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तीही पोपडे नसतील तिथेच. आणि उचलताना मानेला धरून कधी उचलू नका, दोन्ही हात पोटाखाली घाला.