चौथीच्या वर्गाला गणितासाठी ॲडॅप्टिव्ह ॲप, म्हणजे मुलाच्या उत्तरांनुसार पुढची गणितं बदलणारं ॲप, वापरावं का?

वापरा, पण ते मुलाची चूक नेमकी ओळखतं का, हे आधी बघा. ५२ − २७ चं उत्तर एखादं मूल ३५ लिहितं. त्याला वजाबाकी येतच नाही असं नसतं; २ मधून ७ जात नाहीत म्हणून ते सरळ ७ मधून २ वजा करतं. चांगलं ॲप अशा वेळी तसलीच आणखी दहा गणितं देत बसत नाही. ते मागे जाऊन एक दशक सुटा करून दाखवतं. नुसतं 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका.

दिल्लीत २०१५ मध्ये माइंडस्पार्क हे असंच सॉफ्टवेअर वापरून झालेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. मुलं बहुतेक सहावी ते नववीतली, पण गणितात कित्येक इयत्ता मागे पडलेली. साडेचार महिन्यांत त्यांनी इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त प्रगती केली. मात्र तिथे संगणकाच्या जोडीला छोट्या गटाला शिकवणारं माणूसही होतं.

म्हणून टॅब हातात देण्याआधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मुलांकडून सोडवून घ्या. आणि आठवड्यातून एकदा ॲपमधला चुकांचा अहवाल वाचून चुकणाऱ्या मुलांजवळ जाऊन बसा, दहा मिनिटं का होईना.