कॅलिफोर्नियातली सिटी कौन्सिल शहराची जागा विकण्याची चर्चा बंद दाराआड करू शकते का?

तुमची कौन्सिल कॅलिफोर्नियातली आहे, म्हणजे इथे १९५३चा ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवायला लावणारा राज्याचा कायदा, लागू होतो. मी आमच्या शहराच्या सभांना नियमित जातो, त्या अनुभवावरून सांगतो: थोडी चर्चा बंद दाराआड चालते, सगळी नाही.

मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातही सभा लोकांना खुलीच आहे, पण हजर नगरसेवकांनी बहुमताने ठराव केला की दार लावता येतं. कॅलिफोर्नियात बहुमत सोडा, एकमत झालं तरी भागत नाही. क्लोज्ड सेशनचं, म्हणजे बंद दाराआडच्या बैठकीचं, कारण कायद्यात लिहिलेलंच असावं लागतं: कोर्टातला दावा, कर्मचाऱ्याची नेमणूक किंवा तक्रार, युनियनशी बोलणी, जागेचा व्यवहार, अशी मोजकी.

जागेच्या बाबतीत सवलत आहे ती फक्त किंमत आणि पैसे देण्याघेण्याच्या अटींपुरती. आपण कितीपर्यंत खाली येऊ हे गिऱ्हाइकाला आधीच कळलं तर नुकसान शहराचंच, म्हणून. पण जागा विकावीच का, तिथे पुढे काय उभं राहणार, रहदारीचं काय, हे सगळं लोकांसमोरच बोललं पाहिजे. सॅन डिएगोत बेसबॉल स्टेडियमच्या प्रकल्पावर कौन्सिलने आत बसून भलतंच ऐसपैस बोलणं केलं. २००२ साली कोर्टाने ते चुकीचं ठरवलं. गाडी घसरते ती बहुतेक इथेच. अजेंड्यावरचं कलम बरोबर असतं, गप्पा मात्र भरकटतात.

तेव्हा आधी अजेंडा काढून बघा. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. त्यात कोणती जागा, शहरातर्फे बोलणी कोण करतंय, समोर कोण आहे आणि चर्चा किमतीवर आहे की अटींवर, हे हवं. सदस्य आत जाण्यापूर्वी त्या विषयावर बोलायचा तुम्हाला हक्क आहे. सौदा पक्का झाला की मंजुरी आणि कोणी कसं मत दिलं, हे जाहीर करावं लागतं.

नियम मोडून बंद दाराआड निर्णय घेतलाय असं वाटलं तर ९० दिवसांच्या आत लेखी मागणी करा की चूक दुरुस्त करा. त्यांना ३० दिवस मिळतात. नाही केलं तर कोर्ट. पत्रात नुसता संताप नको; तारीख, अजेंड्यातली ओळ आणि आक्षेप नेमका लिहा.

आणि ओळखीच्या सदस्याला ‘आत काय झालं?’ विचारू नका. आतली गोपनीय माहिती परवानगीशिवाय बाहेर सांगणंही याच कायद्याने मना आहे, तोच बिचारा अडकेल.